वाशिष्ठीच्या खाडीतलं गोडं पाणी मोजताना : प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२४

१८ मार्च, सोमवार

छेद ठरला, म्हणजे खाडीच्या आरपार जिथे पाणी मोजायचं ती रेघ. तिसरी जागा पसंत पडली. पहिल्या जागी खाडी वळत होती. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला रेटून जातं आणि आतल्या काठाला उलटं फिरत बसतं, तिथे मोजणी नको. दुसऱ्या जागी हातपाटीने वाळू काढणाऱ्यांनी तळ उकरलेला. तिथे आज मोजलेला खड्डा पुढच्या आठवड्यात भलतीकडे असणार. तिसरा पट्टा सरळ आहे, दोन्ही काठांना कांदळवन, उत्तरेला जुना दगडी धक्का. भरतीला रुंदी ३८० मीटर, ओहोटीला २४० च्या आसपास. मधलं अंतर म्हणजे नुसता रेंदा.

जगबुडी मिळते त्याच्या वरच्या अंगाला मुद्दाम राहिलो. खालच्या बाजूला गेलो तर दोन नद्यांचं पाणी एकत्र मोजलं जाईल आणि मग कुठलं कोणाचं ते सांगता येणार नाही.

काम कशासाठी ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर मे महिन्यात उन्हात बसल्यावर आठवणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वरून पावसाचं पाणी आणि खालून भरती एकाच वेळी आली. भरतीने पूर किती अडवला, यावर गावात प्रत्येकाचं मत आहे. गणिती प्रारूपात ते तपासायचं तर खाडीच्या तळाचा आकार हवा आणि पाणी तळाला किती घासतं ते हवं. घर्षण थेट मोजता येत नाही, वाहतं पाणी मोजून मागून काढावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात, नदी शांत असताना, एका छेदावर पूर्ण भरती-ओहोटी मोजायची.

दुसरं कारण माझ्या हौसेचं आहे. वाशिष्ठी उन्हाळ्यात आटली पाहिजे, पण आटत नाही. कोयनेचं पाणी पोफळी, अलोरे, कोळकेवाडी इथली वीजगृहं फिरवून वाशिष्ठीत सोडतात. ते अवजल. पश्चिमेकडे वळवायला परवानगी आहे वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे १,९११ दलघमी (दशलक्ष घनमीटर). वर्षाच्या सेकंदांनी भागलं की सरासरी ६० क्युमेक, दर सेकंदाला ६० घनमीटर. पूर्वेला वाहणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी आमच्या छेदावरून पश्चिमेच्या समुद्रात जातं. ते आमच्या यंत्राला दिसतं का, हे मला बघायचंय.

मगर दिसली नाही, असं लिहिणार तोच समोरच्या चिखलावरचा ओंडका हलला. दोन्ही विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं : पाण्यात पाय सोडून बसायचं नाही.

३ एप्रिल, बुधवार

धक्क्याच्या खांबाला पातळीची पट्टी ठोकली. सागवानी फळी, दर दोन सेंटिमीटरला खूण, चार मीटर. जवळच्या बेंचमार्कपासून (उंची आधीच ठाऊक असलेली पक्की खूण) पातळी आणली, २.२ किमी जाऊन-येऊन. चूक ९ मिमी, चालण्यासारखी. (पहिल्या फेरीत ११ सेमी आली होती. स्टाफ, म्हणजे उंची वाचायची पट्टी, उलटा धरला होता. कोणी ते लिहीत नाही.)

पट्टीशिवाय खोलीला अर्थच नाही. खोली म्हणजे पाण्याच्या माथ्यापासून तळापर्यंतचं अंतर, आणि इथे माथा सहा तासांत दोन मीटर हलतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

खोली मोजणी. होडी इथल्या एका मच्छीमार काकांची, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. काका खाडीत डोल लावतात, पागही टाकतात, दोन्ही जाळी. आमच्या यंत्रांकडे त्यांनी ‘बघूया’ अशा नजरेने पाहिलं.

इको साउंडर, म्हणजे तळावरून परतणाऱ्या आवाजाने खोली सांगणारं यंत्र, चालू करण्याआधी बार चेक. लोखंडी पट्टी साखळीला बांधून आवाज सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडायची, साखळीवर मोजलेल्या अंतराला. पाच मीटरवर यंत्र ४.९३ दाखवत होतं. दोष यंत्राचा नाही, त्यात ध्वनीचा वेग १,५०० भरलेला होता. आजचं पाणी ३० अंश आणि मचूळ, क्षारता १२ च्या आसपास (किलोभर पाण्यात १२ ग्रॅम मीठ). अशा पाण्यात आवाज सेकंदाला १,५२० मीटरच्या थोडा वरच धावतो. वेग दुरुस्त केल्यावर ५.०० आले. आठ मीटरच्या खोलीला हा फरक ११ सेंटिमीटरचा पडला असता. भरतीला समुद्राचं पाणी वर आलं की वेग आणखी वाढणार, तेव्हा बार चेक दिवसातून तीनदा करायचा, असं ठरलं.

छेदाचा आकार अपेक्षेपेक्षा वेडावाकडा निघाला. दक्षिणेकडून तळ हळूहळू उतरतो, मध्यावर चार-साडेचार मीटर. मग उत्तर काठाच्या जवळ, धक्क्यापासून नव्वद मीटरवर, एकदम खोल घळ. जुनी गलबतं धक्क्याला का लागत असतील ते कळलं.

घळीत एक गंमत. आमच्याकडे दोन फ्रिक्वेन्सी आहेत, २०० किलोहर्ट्झ आणि ३३. वरची म्हणते तळ ६.१ वर, खालची म्हणते ७.० वर. दोन्ही खरं बोलतायत. २०० चा आवाज पातळ रेंद्याच्या माथ्यावरूनच परततो, ३३ चा रेंदा भेदून घट्ट तळापर्यंत जातो. मधले नव्वद सेंटिमीटर म्हणजे पाणीही नाही आणि जमीनही नाही, दह्यासारखं काहीतरी.

काकांनी मग आपली दोरी काढली. शिशाचा गोळा, दर वावेला गाठ. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. काकांचे हात मोजले : १.६५ मीटर. म्हणजे काकांची वाव ही इंग्रजी फॅदमपेक्षा आखूड, आणि त्यांच्या मुलाची आणखी वेगळी असणार. सपाट भागात त्यांनी साडेतीन वाव सांगितलं, हिशेबाने ५.८ मीटर होतात, यंत्राने ५.९ दाखवलं. घळीत गोळा ६.६ ला थांबला, दोन्ही फ्रिक्वेन्सींच्या मध्ये. प्रारूपात कुठला तळ घ्यायचा? होडीच्या दृष्टीने ६.६ खरं, कारण तितक्या रेंद्यातून होडी जाते. पुराच्या दृष्टीने ७.०, कारण जोराचं पाणी आलं की हे दही ढवळून निघून जाईल. दोन्ही आकडे ठेवले.

२४ एप्रिल, बुधवार. चैत्र वद्य प्रतिपदा

उधाणाची मोजणी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी. काल हनुमान जयंती, काकांनी कालचा दिवस नको म्हणून आधीच सांगितलं होतं.

भाड्याचं एडीसीपी पुण्याहून काल रात्री आलं. हे यंत्र होडीच्या कडेला पाण्यात बुडवून बांधायचं. त्याच्या चार डोळ्यांतून ध्वनीचे झोत तिरपे खाली जातात, पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांवरून परततात. कण वाहत असतील तर परतणाऱ्या आवाजाची पट्टी बदलते, जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीसारखी. त्यावरून दर पंचवीस सेंटिमीटरच्या थराचा वेग कळतो. होडी काठापासून काठापर्यंत नेली की संपूर्ण छेदाचा प्रवाह मिळतो. एका फेरीला सहा-सात मिनिटं. दर अर्ध्या तासाला एक जोडी, जाऊन आणि येऊन. नदीवर चार-चार फेऱ्यांची सरासरी काढतात, पण इथे तेवढा वेळ थांबलं तर मोजायला घेतलेलं पाणी आणि संपताना असलेलं पाणी वेगळं असतं.

यंत्राला सगळं दिसत नाही, हेही लिहून ठेवते. वरचे पासष्ट सेंटिमीटर जातात : चाळीस यंत्र बुडवण्यात, पंचवीस त्याच्या स्वतःच्या घुमण्यात. तळाजवळचे सहा टक्के जातात, कारण तिरप्या झोताच्या आधी सरळ खाली गेलेला आवाज तळावर आपटून परत येतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. काठाजवळ उथळात होडीच जात नाही. उरलेलं अंदाजाने भरायचं.

काकांनी सकाळी बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट. “आज प्रतिपदा. पाऊण वाजता पानी भरंल.”

पट्टीवर सर्वांत उंच पातळी १२:२० ला. काका पंचवीस मिनिटांनी चुकले. भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरतीचं कोष्टक बंदरांसाठी असतं, आमच्या या आतल्या जागेसाठी नसतं. तेव्हा पंचवीस मिनिटं म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नाही.

पण पाणी १२:२० ला फिरलं नाही. पातळी उतरायला लागली तरी मध्यावर आतच वाहत होतं, १२:५५ पर्यंत. लातूरच्या विद्यार्थिनीला हे पटेना. तिने आयुष्यात पहिल्यांदा भरती पाहिली ती मार्चमध्ये. “पातळी उतरतेय म्हणजे पाणी बाहेर जातंय ना?” वहीत रेघा मारून समजावलं : इतकं पाणी एकदा चालायला लागलं की जागच्या जागी थबकत नाही. शिवाय आमच्याकडे पाणी उतरायला लागलं तरी वर चिपळूणच्या बाजूला अजून चढतच असतं.

भरतीचा जोर ९:४५ ला, १,१४० क्युमेक. ओहोटीचा जोर १५:५० ला, १,०८० क्युमेक. मधोमध वेग सेकंदाला एक मीटरच्या वर.

१५:४० ला इंजिनच्या पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली. काकांनी नांगर टाकला, पंखा वर घेऊन सुरीने पिशवी कापली. दहा-अकरा मिनिटं गेली. चिपळूणचा विद्यार्थी रेकॉर्डिंग बंद करायला विसरला. मी रागावले. दुपारी चारचं ऊन, मी रागावणारच.

१९:३० ला काम थांबवलं. सगळ्यांच्या मानेवर मीठ.

२६ एप्रिल, शुक्रवार

आकडेमोड. ६:४५ ते १२:५५ भरतीचं पाणी आत गेलं १६.२ दलघमी. १२:५५ ते १९:२० ओहोटीचं बाहेर आलं १५.६ दलघमी.

म्हणजे बाहेर आलं त्यापेक्षा आत जास्त गेलं. ०.६ दलघमी जास्त. सेकंदाला १३ घनमीटर दराने अरबी समुद्र चिपळूणकडे चाललाय. कोयनेचे ६० क्युमेक कुठे गेले?

तासभर सगळं पुन्हा तपासलं. काठांचे गुणक बरोबर. यंत्र किती बुडवलं होतं तो आकडा बरोबर, आणि चुकला असता तरी भरती-ओहोटी दोन्हीत सारखाच चुकला असता, वजाबाकीत बराचसा गळून गेला असता. ओळंब्यासारखं सरळ काहीतरी आपल्या नजरेसमोर आहे आणि दिसत नाही, असं झालं होतं.

शेवटी पट्टीची वही उघडली. सकाळची ओहोटी ज्या पातळीला थांबली, संध्याकाळची त्यापेक्षा ३५ सेंटिमीटर वर थांबली. आमच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात. चंद्र विषुववृत्तापासून जितका दूर, तितका हा दुजाभाव जास्त. हे मी दरवर्षी शिकवते. आणि स्वतः मोजणी आखताना ‘साडेबारा तासांचं चक्र’ धरून मोकळी झाले.

छेदाच्या वरच्या बाजूला ओहोटीला पाण्याचा पसारा ६ चौरस किमीच्या आसपास आहे (उपग्रह चित्रावरून मोजला, जरा हात सैल ठेवून). त्यावर ३५ सेंटिमीटरचा थर म्हणजे २.१ दलघमी. एवढं पाणी वर साठून राहिलंय. समुद्राने त्यातले ०.६ दिले. उरलेले १.५ नदीकडून आले. सव्वापंचेचाळीस हजार सेकंदांत १.५ दलघमी म्हणजे ३३ क्युमेक.

चला, निदान चिन्ह सरळ झालं.

२७ एप्रिल, शनिवार

रागावल्याबद्दल माफी मागितली.

ती विसरलेली दहा मिनिटांची फाइल उघडली. होडी नांगरावर उभी, जीपीएसनुसार जागच्या जागी. पण यंत्राच्या मते होडी दहा मिनिटांत १२ मीटर प्रवाहाच्या उलट दिशेने सरकली. यंत्र स्वतःचा वेग तळाकडे बघून ठरवतं. तळ स्थिर आहे, असं ते धरून चालतं. ओहोटीच्या जोरात तळाची वाळू-गाळ खाली सरकत होती, आणि गाडीत बसलेल्याला शेजारची गाडी सुटताना आपण मागे चाललोय असं वाटतं, तसं यंत्राला झालं. १२ मीटर, ६०० सेकंद : सेकंदाला २ सेंटिमीटर. प्रवाह एक मीटर. म्हणजे ओहोटीच्या जोरात आमचा वेग दोन टक्के कमी मोजला गेला.

ही चाचणी मुद्दाम करायची असते. मी यादीत लिहिली होती, करायची राहून गेली होती. प्लास्टिकच्या पिशवीने केली.

तळाऐवजी जीपीएसचा आधार घेऊन सगळ्या फेऱ्या पुन्हा काढल्या. यात होकायंत्राची चूक मध्ये येते, पण जाऊन-येऊन जोडी असल्याने ती बरीच मिटते. भरती १६.३, ओहोटी १५.९. नदीचं पाणी आता १.७ दलघमी, ३८ क्युमेक.

आता खरी अडचण. प्रत्येक आकड्यात तीन टक्क्यांची चूक धरली तर १६ वर अर्धा दलघमी. दोन्हींची मिळून ०.७. क्युमेकमध्ये १५. म्हणजे ३८, कमी-जास्त १५. दोन हत्तींच्या वजनांच्या वजाबाकीतून माहुताचं वजन काढतोय आम्ही. काटा हत्तींचा आहे.

२ मे, गुरुवार. चैत्र वद्य नवमी

भांगाची मोजणी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी. पाण्याचा फरक जेमतेम ९० सेंटिमीटर, जोर नाही, पंख्यात पिशवी नाही. कंटाळवाणा दिवस म्हणणार होते, पण दुपारी एकनंतर छान प्रकार दिसला.

ओहोटी संपत आली होती. वर तरंगणारा कचरा, केळीचं एक पान, सावकाश बाहेर चाललं होतं. पडद्यावर मात्र तळाचे चार थर निळ्याचे लाल झाले. वर बाहेर, खाली आत. क्षारता मापक सोडला : माथ्याला ४, तळाला १५. खारं पाणी जड, ते तळाने पाचरीसारखं आत शिरत होतं, आणि गोडं पाणी त्याच्या पाठीवरून बाहेर घसरत होतं. चाळीस मिनिटं असं चाललं.

काकांना पडदा दाखवला. त्यांना काही नवल वाटलं नाही. “वरनं सुकती दिसते, पन खालनं भरती लागली. डोल कधीच फुगला आसंल.” डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाला पिशवीसारखं बांधलेलं असतं, पाणी फिरलं की ते आधी खालून वळतं. म्हणजे माणसं हे दोन थर हातातल्या दोरीवर ओळखतात.

माझ्यासाठी याचा अर्थ जरा कटकटीचा. जुनी पद्धत म्हणजे पेल्यांचं करंट मीटर घ्यायचं, खोलीच्या ०.२ आणि ०.८ वर वेग मोजायचे आणि सरासरी काढायची. नदीत ती उत्तम चालते. इथे ०.२ वर बाहेर, ०.८ वर आत, सरासरी शून्य आणि पाणी तर दोन्हीकडे चाललेलं. यंत्राला न दिसणारा माथ्याचा आणि तळाचा भागही सॉफ्टवेअर एकाच वक्राने भरतं, तो वक्र या चाळीस मिनिटांत खोटा आहे. त्या फेऱ्यांसाठी वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा भरला, हाताने. भरती-ओहोटीच्या बेरजेत फरक कमी पडला, कारण तेव्हा वेगच कमी. पण गोड्या-खाऱ्याच्या हिशेबात हीच चाळीस मिनिटं महत्त्वाची.

७ मे, मंगळवार

मतदान. होडी नाही, काका नाहीत, विद्यार्थीही गावी. बॅटऱ्या चार्ज केल्या.

९ आणि १० मे, गुरुवार-शुक्रवार

पंचवीस तास. काल अमावास्या झाली, पुन्हा उधाण. यावेळी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, दुजाभावासकट, म्हणजे चंद्राचा पूर्ण दिवस, २४ तास ५० मिनिटं. माणसं दोन पाळ्यांत : काका आणि त्यांचा पुतण्या होडीवर आलटून पालटून. पट्टीवर एक जण कायम.

दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळची ओहोटी सकाळच्या पेक्षा ५५ सेंटिमीटर वरच थांबली. एप्रिलपेक्षाही जास्त. यावेळी तोंड वाजवलं नाही, वहीत लिहिलं.

रात्री काठ दिसत नाही, हाच मोठा प्रश्न. छेदाच्या दोन टोकांना कंदील टांगले, होडी त्या रेषेत ठेवायची. उत्तरेचा कंदील दोनदा विझला. कांदळवनातून कोल्हे. डासांबद्दल लिहीत नाही. अडीच वाजता चहाचा थर्मास उलटला आणि लॅपटॉप वाचला, हा क्रम उलटा झाला असता तर काम तिथेच संपलं होतं.

रात्रीची भरती एकच्या सुमारास पूर्ण झाली, दुपारच्या पेक्षा ४५ सेंटिमीटर बुटकी. मध्यरात्रीच्या अंधारात फरक डोळ्यांना कळत नाही, पट्टीवर टॉर्च मारल्यावर कळतो.

पहाटे चारच्या फेरीत मला झोप लागली. फेरी लातूरकरणीने एकटीने पूर्ण केली, काठाचं अंतरही मोजून लिहिलं. तीन महिन्यांपूर्वी हिने भरती पाहिली नव्हती.

साडेसातला आटोपलं. आज अक्षय्य तृतीया. काकांच्या घरी पुरणपोळी आणि यंदाचा पहिला आमरस. काकींनी विचारलं, रात्रभर पाण्यात काय मोजत होतात. काका म्हणाले, “पानी.” पुढे कुणी विचारलं नाही.

१४ मे, मंगळवार

दोन भरत्या मिळून आत २७.९ दलघमी. दोन ओहोट्या मिळून बाहेर ३२.४. फरक ४.५. शेवटची ओहोटी पहिलीपेक्षा ६ सेंटिमीटर वर थांबली, त्याचा साठा ०.४. नदीचं पाणी ४.९ दलघमी, ८९,४०० सेकंदांत. ५५ क्युमेक. चूक कमी-जास्त १०.

काळ दुप्पट झाला, वजाबाकीतली चूक मात्र दुप्पट झाली नाही, म्हणून काटा जरा हत्तींकडून माहुताकडे झुकला. ६० च्या जवळ आलं म्हणून आनंद, पण एवढाच. ६० ही वर्षाची सरासरी. वीजगृहं विजेच्या मागणीप्रमाणे चालतात, आजचं अवजल आणि उद्याचं वेगळं. त्या दिवशी प्रत्यक्षात किती सोडलं तो आकडा मिळाल्याशिवाय मी या ५५ ला ‘बरोबर’ म्हणणार नाही. अर्ज केलाय.

लातूरकरणीने शांतपणे कॅल्क्युलेटर काढला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. ती तेव्हा शाळेत होती, घरून हंडे घेऊन रांगेत. पन्नास वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर. ५५ क्युमेकने भागलं तर पंचेचाळीस सेकंद येतात. तिने तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला, आमच्या तक्त्यात नाही. हे अवजल मुंबईला न्यावं, आणखी कुठे न्यावं, अशा योजनांची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. खाडीत ते गेलं नाही तर उन्हाळ्यात खारं पाणी कुठवर चढेल, हे त्याच चर्चेत क्वचित येतं. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, वीजगृह बंद असलं की एक-दोन दिवसांत वरच्या गावांत पाणी तोंडात धरवत नाही. हे प्रारूपात चालवून बघण्यासारखं आहे. २ मेच्या क्षारतेच्या नोंदी आता कामाला येतील.

घर्षणाचा गुणकही निघाला, पण उधाणाला एक आणि भांगाला दुसरा. भांगाला रेंद्याचं दही तळावर बसून असतं आणि पाणी त्यावरून गुळगुळीत जातं, असा माझा कयास. उधाणाला ते उचललं जातं. पुराच्या प्रारूपात उधाणाचा गुणक घेणार.

३१ मे, शुक्रवार

उद्यापासून मासेमारी बंदी, ३१ जुलैपर्यंत. काकांनी इंजिन उतरवून घरी नेलं, होडी धक्क्याच्या वर ओढून ठेवली.

भाड्याची यंत्रं परत गेली. पट्टी काढायला आलो होतो. खालच्या अर्ध्या मीटरवर शेवाळ धरलंय, आकडे बुजायला लागलेत. धक्क्याच्या मागच्या घराच्या भिंतीवर २०२१ च्या पुराची चिखलाची रेघ अजून आहे. लेव्हल लावून बघितली : आमची चार मीटरची पट्टी त्या रेघेच्या बरीच खाली संपते.

पट्टी काढली नाही. तिच्या वर दुसरी फळी ठोकली, रेघेच्या अर्धा मीटर वर जाईपर्यंत. चिपळूणच्या विद्यार्थ्याने रंगाने आकडे लिहिले. पावसात रोज सकाळी आठला वाचून कळवायचं काकांच्या पुतण्याने कबूल केलंय, आणि पाणी वेगाने चढत असेल तर दर तासाला. पहिलं वाचन आज १७:१० ला, १.३६.